ताप आला की आधी कॅलेंडर काढा: डेंगीच्या दिवसांत घराच्या वावराची नोंद कशी ठेवायची

अभ्यासिकेच्या मागच्या बाल्कनीत कूलर उभा होता. मे संपल्यावर कुणीतरी त्याची वायर गुंडाळून ठेवली, वर जुनी चादर टाकली आणि तळातलं पाणी तसंच राहिलं. ऑगस्टमध्ये आम्ही चादर उचलली, आत टॉर्च मारला, तर पृष्ठभागाशी लटकलेल्या अळ्या वळवळत तळाला पळाल्या. आमच्या सोसायटीत त्या महिन्यात चार जणांना डेंगी झाला. त्यातले तिघं रोज आठ-आठ तास याच अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसायचे. टेबलाखाली अंधार, अंगात हाफ पँट, पायात चपला.

आणि त्याआधीचे पंधरा दिवस आम्ही काय करत होतो? स्वतःच्या कुंड्या उपड्या करत होतो, गच्चीवर चढत होतो, वॉचमनकाकांवर डाफरत होतो. सोसायटीत फार काही सापडलं नाही. शेवटी एका काकूंनी चारही घरांना एकच प्रश्न विचारला, "ताप यायच्या आधीच्या आठवड्यात पोरं दिवसा कुठे होती?" वीस मिनिटांत अभ्यासिकेचा पत्ता लागला. त्या कूलरनेच ताप दिला असं छातीठोकपणे मी सांगणार नाही, तसा पुरावा कुणाकडे नसतो. पण कूलर रिकामा केल्यावर पुढचा महिनाभर त्या अभ्यासिकेतून नवा ताप ऐकू आला नाही, एवढं खरं.

तेव्हापासून दर पावसाळ्यात मी एक वही ठेवते. ती कशी ठेवायची, तापाच्या वेळी तिचा काय उपयोग होतो, आणि मलेरियाच्या बाबतीत हेच गणित कसं उलटं होतं, ते सगळं इथे लिहिते.

आधी एवढं समजून घ्या

डेंगी पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास आळशी आहे. जिथे जन्मला त्याच घरात किंवा शेजारच्या दोन-चार घरांत तो आयुष्य काढतो. साधारण शंभर मीटर, फार झालं तर चारशे मीटर. पुण्यातल्या कोथरूडचा डास शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हडपसरला जात नाही. विषाणू मात्र जातो, कारण तो आपल्या रक्तात बसून पीएमपीच्या बसने, लोकलने, रिक्षाने, विमानाने फिरतो. म्हणजे लांबचा प्रवास माणसाचा आणि शेवटचे पन्नास मीटर डासाचे.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, अ‍ॅमेझॉनच्या काठी इकितोस नावाचं शहर आहे. तिथे संशोधकांनी डेंगीच्या रुग्णांना, ताप येण्याआधी तुम्ही कुणाकुणाच्या घरी गेला होतात, असं विचारलं आणि त्या घरांमधल्या लोकांचं रक्त तपासलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की रुग्णाचं ज्या घरांत जाणं-येणं होतं तिथे संसर्गाचं प्रमाण जास्त होतं. नुसतं शेजारी राहण्यापेक्षा मावशीकडे, मित्राकडे, आजीकडे जाणं जास्त महत्त्वाचं ठरलं. त्याच शहरात लोकांच्या गळ्यात जीपीएसची छोटी यंत्रं अडकवूनही हालचाल नोंदवली गेली. बहुतेकांचं फिरणं घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि ठरावीक थोड्याच जागांपुरतं असायचं.

हे वाचून मला हायसं वाटलं होतं. माणूस दिवसाला पन्नास ठिकाणी जात असता तर वही ठेवणं अशक्यच होतं. आपण जातो चार-पाच ठिकाणी. तेवढं लिहिता येतं.

पायरी पहिली: घड्याळ कुठलं ते ठरवा

डास म्हटलं की आपल्याला रात्र आठवते, मच्छरदाणी आठवते. डेंगी, चिकुनगुनिया आणि झिका या तिन्ही रोगांना ते लागू नाही. एडिस दिवसा चावतो; सूर्य उगवल्यानंतरचे दोन-तीन तास आणि मावळण्याआधीचे दोन-तीन तास त्याचा जोर असतो. सावलीत, घरात, टेबलाखाली तो दुपारीही चावतो. पाय त्याला विशेष आवडतात.

मलेरियाचा अ‍ॅनोफिलिस रात्रीचा. हत्तीरोगाचा क्युलेक्सही रात्रीचा.

म्हणून वहीत दोन रकाने करा: "दिवसा कुठे" आणि "रात्री कुठे झोपलो". शहरात राहणाऱ्यांच्या बाबतीत पहिला रकाना भरगच्च असतो आणि दुसऱ्यात रोज "घरी" एवढाच शब्द. डेंगीला पहिला रकाना लागतो, मलेरियाला दुसरा. हा फरक एकदा डोक्यात बसला की पुढचं सोपं आहे.

पायरी दुसरी: घरातल्या प्रत्येकाचा दिवस कागदावर मांडा

जूनच्या पहिल्या आठवड्यात, कुणीही आजारी नसताना, हे करून ठेवा. एका रविवारी चहाच्या वेळी अर्धा तास लागतो. प्रत्येकाच्या नावाखाली तो सूर्योदय ते सूर्यास्त कुठे कुठे *बसतो* ते लिहा. कुठून जातो ते नको. फलाटावरची दहा मिनिटं, धावती लोकल, बाइकवरचा प्रवास सोडून द्या. वाऱ्यात, चालत्या गाडीत एडिसला निवांत चावता येत नाही. मी नियम ठेवलाय: सलग अर्धा तास एका जागी बसणं झालं तरच नोंद.

आमच्याकडचं पान साधारण असं दिसतं. मुलगी: सकाळी शाळा, दुपारी घर, साडेचार ते सहा क्लास, सव्वासहा ते सात खाली मैदानावर. नवरा: ऑफिस, पण दुपारचा चहा टपरीवर बाकड्यावर. सासूबाई: सकाळी सात ते आठ देवळाचा पार, मग दिवसभर घर, पाच ते सात बिल्डिंगखालच्या बाकावर. मी: घर, आणि मंगळवार-शुक्रवार भिशीच्या किंवा योगाच्या निमित्ताने दुसऱ्याचं घर.

आता हे पान नीट बघा. सगळ्यात जास्त वेळ "डासाच्या वेळेत" बाहेर बसणारं माणूस कोण? आमच्याकडे सासूबाई निघाल्या! सकाळचा पार आणि संध्याकाळचा बाक, दोन्ही नेमके एडिसच्या वेळेतले. आम्ही क्रीम लावत होतो मुलीला.

दोन माणसं या पानावर हमखास राहतात. एक, घरी कामाला येणाऱ्या ताई, ज्यांचा दिवस पाच-सहा घरांत विभागलेला असतो. दुसरे वॉचमनकाका, जे दिवसभर एकाच खुर्चीवर, बहुतेक वेळा पंपरूमच्या शेजारी बसलेले असतात. त्यांचीही नावं घाला. डासाला पगारपत्रक वाचता येत नाही.

पायरी तिसरी: बसण्याच्या जागेभोवती पाणी शोधा

पानावर जेवढ्या जागा आल्या तेवढ्यांभोवती एकदा फेरी मारायची. जागेपासून शंभर पावलांच्या आत, स्वच्छ साचलेलं पाणी. गटारात शोधू नका. एडिसला घाण पाणी आवडत नाही, त्याला आपल्यासारखंच पिण्याजोगं पाणी लागतं. गटाराच्या वासाने नाक मुरडून आपण पुढे जातो आणि शेजारच्या चकचकीत निळ्या ड्रमकडे बघतही नाही.

घरात: फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची थाळी, पक्ष्यांसाठी ठेवलेलं भांडं, न वापरला जाणारा कमोड, एसीच्या पाण्याखाली लावलेली बादली. सोसायटीत: लिफ्टचा खड्डा, पाण्याच्या मीटरची चेंबरं, गच्चीवरच्या टाकीचं तुटलेलं झाकण, जिमखाली ठेवलेले टायर, प्लॅस्टिकच्या कापडाच्या घड्या. शाळेत: वॉटर कूलरखालचा ट्रे, मैदानाच्या कडेचे टायर, स्टोअररूममागचं भंगार. ऑफिसात: शोभेची झाडं आणि गच्ची. देवळात: तुळशीजवळचं तांब्या-पात्र, कारंजं, निर्माल्याचा कलश. टपरीवर: भांडी धुण्याचा ड्रम.

ड्रमबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच सगळे चुकतात. पाणी ओतून दिलं म्हणजे काम झालं असं वाटतं. रिकाम्या ड्रमच्या आत हात फिरवा. पाण्याची रेघ जिथे होती तिथे, किंचित वर, खसखशीपेक्षा बारीक काळे ठिपके चिकटलेले असतात. ती एडिसची अंडी. कोरडी पडली तरी ती महिनोनमहिने तग धरतात आणि पाणी पुन्हा चढलं की फुटतात. म्हणून ड्रम रिकामा करून काथ्याने किंवा ताराच्या घासणीने आतून खसाखसा घासायचा, विशेषतः ती रेघ, मग उन्हात उपडा ठेवायचा आणि तोंडाला कापड बांधूनच पुन्हा भरायचा. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उकाड्यात सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा घासलं की ही साखळी तुटते. आरोग्य खातं "आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा" असं सांगतं त्यामागे हेच गणित आहे.

घासता येत नाही अशा मोठ्या हौदात, विहिरीत, कारंज्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा. ते महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या हिवताप विभागाकडून मिळतात. लिफ्टचा खड्डा, बांधकामावरचं साचलेलं पाणी अशा ठिकाणी अळीनाशक टाकायचं काम त्यांच्याच कर्मचाऱ्यांना करू द्या.

सिंगापूरची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. त्या देशाने १९७०च्या दशकापासून घरोघरी तपासणी करून एडिस सापडणाऱ्या घरांचं प्रमाण जवळपास २ टक्क्यांवर आणलं. तरीही नंतर डेंगी पुन्हा वाढला. त्यामागची जी कारणं तज्ज्ञांनी मांडली त्यातलं एक असं, की घरं स्वच्छ झाली, पण लोकांना संसर्ग घराबाहेर, दिवसा जिथे वावर असतो तिथे होऊ लागला. आपल्याकडे अजून सगळा जोर "आपली कुंडी, आपली थाळी" यावरच असतो. कुंडी बघाच, पण क्लासच्या सरांनाही विचारा.

पायरी चौथी: ताप आलाच, तर कॅलेंडर दोन्ही बाजूंनी मोजा

हीच या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी. भिंतीवरचं कालनिर्णय काढून घ्या आणि पेन्सिल.

समजा मुलीला १६ ऑगस्टला ताप आला आणि तपासणीत डेंगी निघाला. १६ला गोल करा.

*मागे मोजा.* डास चावल्यापासून ताप यायला साधारण ४ ते १० दिवस लागतात. म्हणजे चावा ६ ते १२ ऑगस्टच्या दरम्यानचा. त्या सात दिवसांवर रेघ मारा आणि वहीतल्या पानाशी जुळवा. शाळा, क्लास, मैदान तर आहेच, पण त्या आठवड्यात वेगळं काय झालं? मामाकडे राखीला गेलो होतो का? शनिवारी मैत्रिणीच्या घरी प्रोजेक्टसाठी चार तास बसली होती का?

आठवत नसेल तर फोन आठवतो. यूपीआयचे व्यवहार बघा: त्या दिवशी कुठल्या दुकानात, कुठल्या रिक्षाला, कुठल्या वडापाववाल्याला पैसे गेले. फोटोंची तारीख बघा. गूगल मॅप्सची टाइमलाइन चालू असेल तर उत्तमच. आमच्या घरात सगळ्यात भरवशाचा पुरावा मात्र यूपीआय. तीस रुपयांची भेळ कुणाच्या लक्षात राहते, पण बँकेच्या राहते.

*पुढे मोजा.* रुग्ण स्वतः डासाला विषाणू कधी देतो? ताप यायच्या साधारण दोन दिवस आधीपासून ताप सुरू झाल्यावर पाचेक दिवसांपर्यंत. इथे १४ ते २१ ऑगस्ट. या दिवसांवर वेगळ्या रंगाने रेघ मारा. आणि बघा, मध्ये काय आलं: १५ ऑगस्ट. त्या सकाळी मुलगी एकदम ठणठणीत होती, साडेसातला झेंडावंदनाला शाळेच्या मैदानात तासभर उभी होती. ताप दुसऱ्या दिवशी. त्या मैदानाच्या कडेला टायर पडलेले असतील, तर तिथल्या डासाला विषाणू मिळण्याची शक्यता त्या तासात होती.

त्या डासाच्या पोटात विषाणू वाढून तो लाळेत यायला आणखी ८ ते १२ दिवस लागतात. हवा जास्त गरम असली तर थोडे कमी. म्हणजे १४ला चावलेला डास २२च्या आसपास धोकादायक होतो आणि २१ला चावलेला २ सप्टेंबरच्या आसपास. त्यानंतर तो जगेल तोपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडेसुद्धा, रोग देऊ शकतो. अशा डासाने चावलेल्या माणसाला पुन्हा ४ ते १० दिवसांनी ताप. हिशेब लावा: मुलीपासून निघालेला पुढचा ताप २६ ऑगस्टच्या आधी येणं अवघड, १२ सप्टेंबरपर्यंत येण्याची शक्यता मोठी, आणि त्यानंतरही काही दिवस पूर्ण टळलेली नाही.

यातून घरातल्या घरात एक फार कामाची गोष्ट कळते. भावाला १८ ऑगस्टला ताप आला, तर तो बहिणीकडून आलेला नाही. दोघांनाही बहुधा एकाच ठिकाणी, कदाचित एकाच डासाने चावलंय. एडिसची मादी एका जेवणासाठी दोन-तीन माणसांना चावते, पोट भरेपर्यंत. अशा वेळी मागच्या बाजूला, दोघांच्या सामायिक जागेत शोधा. पण भावाला ताप ३० ऑगस्टला आला, तर बहुतेक तो घरातल्याच डासाचा प्रताप आहे. तेव्हा फ्रिजचा ट्रे बघा. दहा दिवसांच्या आतला दुसरा ताप म्हणजे सामायिक जागा, दहा दिवस ते चार आठवडे म्हणजे पहिल्या रुग्णाच्या भोवतीचा डास. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "आमच्याकडेही झाला" असे निरोप येतात, तेव्हा फक्त तारखा विचारा. बाकीची चर्चा आपोआप मिटते.

पायरी पाचवी: रुग्णाचा वावर कमी करा, भेटायला येणाऱ्यांचाही

इकितोसच्याच लोकांवर झालेल्या आणखी एका अभ्यासात असं दिसलं, की ताप आलेला माणूस कमी ठिकाणी जातो आणि घरी जास्त राहतो. साहजिकच आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की त्या दिवसांत त्याचा सगळा विषाणू एकाच घरातल्या डासांच्या वाट्याला येतो. म्हणून तापाचे पहिले पाच दिवस, ताप उतरेपर्यंत, रुग्णाला *दिवसा* मच्छरदाणीत ठेवा. सकाळी अकरा वाजता मच्छरदाणी लावली म्हणून शेजारी हसतील. हसू दे. दवाखान्यात दाखल असेल तर तिथेही मच्छरदाणी मागून घ्या.

आणि आपल्याकडे आजाऱ्याला बघायला येण्याची रीत! शहाळं घेऊन आत्या येणार, दोन तास पलंगाशेजारी बसणार, संध्याकाळी पाच वाजता. प्रेमाने सांगा, "आत्या, आठ दिवसांनी या, तेव्हा गप्पा मारू." एवढं सांगवत नसेल तर निदान त्यांचे पाय झाकलेले असू द्या, क्रीम पुढे करा.

उपचारांबद्दल थोडक्यात, कारण ते डॉक्टरांचं काम. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ ही विषाणूचा अंश शोधणारी रक्ततपासणी उपयोगी पडते, त्यानंतर शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधणारी आयजीएम. तापाला पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मात्र स्वतःच्या मनाने अजिबात नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, पेज, सरबत भरपूर. सगळ्यात फसवी वेळ म्हणजे ताप उतरतो ती, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसातली. घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि नेमकं तेव्हाच काहींचं बिघडतं. पोटात सणकून दुखणं, पुन्हा पुन्हा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, भयंकर ग्लानी किंवा अस्वस्थपणा, लघवी कमी होणं, यातलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. प्लेटलेटचा आकडा धरून बसू नका, माणसाकडे बघा.

एक जास्तीची सूचना गरोदर बायकांसाठी. २०२४च्या जून महिन्यात पुण्यात एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले आणि पुढे शहराच्या इतर भागांतही निघाले. झिका पसरवणारा डास तोच, एडिस. बहुतेकांना तो किरकोळ तापासारखा असतो, पण पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम करू शकतो. घरात गरोदर बाई असेल तर वहीचं पहिलं पान तिचं.

पायरी सहावी: फोन करा

कॅलेंडरवर जी ठिकाणं आली तिथे कळवायचं. हे लोक टाळतात, आपल्याला लाज वाटते. पण लाजण्यासारखं यात काही नाही, आणि आरोप करायचा तर अजिबात नाही. माझं ठरलेलं वाक्य असं: "मॅडम, नमस्कार, सातवी ब मधल्या मुलीची आई बोलतेय. तिला डेंगी निघालाय. कुठे झाला माहीत नाही, पण पंधरा ऑगस्टला ती मैदानात होती. येत्या सोमवारच्या आत मैदानाच्या कडेचं पाणी एकदा बघून घ्याल का? आणि कुणा मुलाला ताप आला तर पालकांना तपासणी करायला सांगा."

या वाक्यात तारीख आहे, जागा आहे, काम आहे आणि मुदत आहे. "तुमच्याकडे डास खूप झालेत" असं म्हटलं की समोरचा बचावाला उतरतो. १५ ऑगस्टच्या डासाला २३च्या आसपास धार येणार, म्हणून मुदत आठवडाभराची. तेवढ्यात टायर हलवले, पायांना क्रीम लावली, वर्गात फवारणी करून घेतली, तरी बरंच साधतं.

दुसरा फोन महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या कीटक किंवा हिवताप विभागाला, गावात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा आशाताईंना. त्यांना नुसता घरचा पत्ता देऊ नका. ते घरी येतील, घराभोवती बघतील, जातील. त्यांना तुमच्या पानावरच्या तीन-चार दिवसाच्या जागाही लिहून द्या. आमच्याकडे आलेल्या कर्मचाऱ्याने तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "ताई, असं कुणी देत नाही हो."

धुराच्या गाडीचा आग्रह मात्र धरू नका. धुराने उडणारे काही डास मरतात, पण अळ्या तशाच राहतात आणि आठवडाभरात नवी फौज तयार. शिवाय एडिस कपाटामागे, पलंगाखाली बसलेला. रस्त्यावरचा धूर त्याच्यापर्यंत पोचतोच असं नाही. धूर दिसतो, आवाज होतो, नगरसेवकांचा फोटो निघतो. ड्रम घासताना फोटो काढायला कुणी येत नाही.

मलेरियासाठी वहीचा दुसरा रकाना

आता रात्रीकडे. मलेरियाच्या बाबतीत प्रश्न एवढाच: गेल्या महिनाभरात कुठे कुठे रात्र काढली? डास चावल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा १० ते १५ दिवस जातात, कधी त्याहून जास्त, म्हणून महिनाभर मागे जा. गणपतीला कोकणात, शिमग्याला गावी, कामासाठी गडचिरोलीत, मुंबईत बांधकामाशेजारच्या बहिणीच्या फ्लॅटमध्ये. राज्यात मलेरियाचा मोठा भार गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आहे, तर मुंबईत अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सी नावाचा डास विहिरी, गच्चीवरच्या टाक्या आणि बांधकामाचं पाणी यांत वाढतो. ते काही आजचं नाही. मुंबईतल्या मलेरियाची चौकशी करणाऱ्या बेंटले यांच्या १९११च्या अहवालात विहिरींवर बोट ठेवलेलं आहे.

केनियातल्या एका मोठ्या अभ्यासात, २०१२ साली तो प्रसिद्ध झाला, जवळपास दीड कोटी मोबाइलधारकांच्या वर्षभराच्या प्रवासाची नावांशिवायची नोंद मलेरियाच्या नकाशावर ठेवून पाहिली. व्हिक्टोरिया सरोवराच्या भागातून राजधानी नैरोबीकडे मलेरियाचे परजीवी माणसांच्या रक्तातून सतत जात होते, असं चित्र निघालं. आपल्याकडे गाव आणि शहर यांची ये-जा यापेक्षा कमी नाही. पण यातून "बाहेरचे लोक रोग आणतात" असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझं भांडण आहे. बांधकामावरचा मजूर पत्र्याच्या खोलीत, उघड्या टाकीशेजारी झोपतो. रोग त्याला आधी होतो. त्याच्या मुकादमाला गाठून तापवाल्यांची रक्ततपासणी आणि मच्छरदाण्या यांची सोय करून घेतली, तर शेजारच्या टॉवरचंही भलं होतं.

व्हायव्हॅक्स या प्रकारचा मलेरिया निघाला, तर एक लक्षात ठेवा: परजीवी यकृतात लपून राहतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा उठतो. तेव्हा नव्याने डास चावलेला नसतो, वहीत काही सापडणार नाही. म्हणून डॉक्टर यकृतातल्या परजीवींवरचं प्रायमाक्विन हे औषध देतात, नेहमीचा कोर्स १४ दिवसांचा. तिसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून उरलेल्या गोळ्या डबीत ठेवून गावी निघून गेलेला माणूस पुढच्या गावाच्या डासांसाठी परजीवी घेऊन जातो. कोर्स संपल्याची तारीख कालनिर्णयावर लिहा.

जपानी मेंदूज्वराचं मात्र वेगळं आहे. तो विषाणू डुकरं आणि पाणपक्ष्यांमध्ये फिरतो; माणसाच्या रक्तात तो इतका थोडा असतो, की त्याच्याकडून डासाला जात नाही. तिथे आजारी पडल्यावर रुग्ण कुठे कुठे गेला हे शोधण्यात, म्हणजे कॅलेंडर पुढे मोजण्यात, वेळ घालवू नका.

वही बंद कधी करायची

घरातला किंवा सोसायटीतला शेवटचा ताप ज्या दिवशी सुरू झाला, त्या दिवसापासून चार आठवडे मोजा आणि वर पंधरा दिवस सूट ठेवा. तेवढे दिवस दर रविवारी पानावरच्या जागांची फेरी, त्यानंतर पुन्हा आपलं नेहमीचं.

यंदाच्या पानावर आमच्या कामाच्या ताईंची एक जागा नवीन आली आहे: त्यांच्या वस्तीतला सार्वजनिक नळ. पाणी दिवसाआड येतं, म्हणून प्रत्येक घराबाहेर दोन-दोन ड्रम आणि झाकणं कुणालाच नाहीत. ताई सकाळी सहाला तिथे पाऊण तास रांगेत बसतात, मग आमच्याकडे येतात, मग आणखी चार घरी. गेल्या आठवड्यात आम्ही बिल्डिंगमधून जुनी सुती लुगडी गोळा केली, चौकोन फाडले, कडेला नाडा ओवून दिला. एकोणीस ड्रमांना पुरले. विसाव्या ड्रमवर ताईंनी स्वतःची ओढणी बांधली आहे, तेव्हा या रविवारी आणखी एक लुगडं शोधायचं आहे.